लेकीच्या हातचा रंग

मंगेशने पानावर बोट फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं आणि म्हणाला, "नुसते ठिपके आहेत, डॉक्टर."

त्याच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या त्याच्या आईला, प्रभावतीला, त्या ठिपक्यांमधला सोळाचा आकडा लख्ख दिसत होता. इतका लख्ख, की तिचा हात शिवशिवला. "सोळा," ती दातांतल्या दातांत म्हणाली. डॉक्टरने पुस्तक मिटलं आणि तिला दाराशी जाऊन उभं राहायला सांगितलं. तिथून तिला पानं दिसली नाहीत, फक्त मंगेशची मान दिसली. ती दर पानाला नकारार्थी हलत होती, आणि त्या मानेत ना घाई होती, ना धक्का. याचाच तिला जास्त राग आला. एवढं होत्याचं नव्हतं होतंय आणि हा बसलाय केस कापायला बसल्यासारखा.

तीन वर्षं मंगेश खनिजाच्या बार्जवर खलाशी होता. मांडवीतून माल खाली न्यायचा, रिकाम्या बार्जनं वर यायचं. सारंग व्हायचं, बार्ज स्वतःच्या हातात घ्यायची, हे प्रभावतीनेच त्याच्या डोक्यात घातलं होतं. त्यासाठी लेखी परीक्षा झाली, तोंडी झाली, आणि घोडं डोळ्यांपाशी अडलं. सरकारी तपासणीत नापास झाला. डॉक्टर घाईत असेल, पोरगं गांगरलं असेल, असं म्हणत प्रभावतीनेच हा दुसरा डॉक्टर शोधायला लावला होता. नवरा शंभू एक दिवस खाणीवरचा टिपर ट्रक उभा करून बरोबर पणजीला आला होता, आणि त्याचं तोंड सकाळपासूनच वाकडं होतं.

डॉक्टर माणूस शांत होता. नजर उत्तम आहे, म्हणाला, पण तांबडं आणि हिरवं याला वेगळं ओळखता येत नाही. रात्री नदीत समोरून येणाऱ्या बार्जचा तांबडा दिवा दिसतोय की हिरवा, यावर कुठल्या अंगाने जायचं ते ठरतं, तेव्हा याच्या हाती सुकाणू कुणी देणार नाही. औषध नाही, चष्मा नाही. जन्माचंच आहे.

"जन्माचं म्हणजे?" शंभूने विचारलं.

इथे डॉक्टर जरा रंगात आला. बाईकडे या गोष्टीच्या दोन प्रती असतात, तो म्हणाला, एक तिच्या बापाकडून आलेली, एक आईकडून. त्यातली एक बिघडलेली असली तरी दुसरी भागवून नेते, म्हणून बाईला स्वतःला काही त्रास होत नाही, तिला पत्ताही नसतो. मुलग्याला मात्र एकच प्रत मिळते आणि ती आईकडून. बिघडलेली वाट्याला आली की संपलं. बापाकडून मुलग्याला जे येतं, त्यात हे नसतंच. बहुतेक वेळा मुलाच्या आईच्या बापाला किंवा मामाला हाच दोष असतो, विचारून बघा.

शंभूने एवढ्या सगळ्यातलं एकच वाक्य उचललं, आणि डिचोलीची बस सुटायच्या आत ते बाहेर काढलं.

"आयकलंस मां? आमच्या घराण्याचा ह्या नाय. तुज्या माहेरचा."

प्रभावती भडकली. तिचं भडकणं वाजवीच होतं. तिचा बाप म्हणजे पेडण्याच्या कोरगावचा बाबली चितारी. त्याच्या चित्रशाळेतले गणपती न्यायला लोक तेरेखोलपासून येत. गणपतीच्या अंगावरचा शेला, पितांबर, मुकुट, हे सगळं ज्या हाताने चाळीस वर्षं रंगवलं, त्या माणसाला तांबडं-हिरवं कळत नाही? डॉक्टर शिकलेला असेल, पण त्याला बाबली चितारी माहीत नव्हता, यात तिच्या बापाचा काय दोष? तिने हे सगळं बसमध्ये, शेजारच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. बापावरून डॉक्टर खोटा ठरला, तर मंगेशची तपासणीही खोटी ठरते, आणि मग पुन्हा अर्ज करता येतो, हेही सांगितलं. राज्य होऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. आता गोव्याच्या पोरांना कामं मिळणार, असं जो तो म्हणत होता, आणि हिचंच पोर तेवढं ठिपक्यांपायी खलाशीच राहणार होतं.

"हाड तर तुज्या बापाशीक डॉक्टराकडे," शंभू म्हणाला. "बगूया."

"हाडतंय. घेवनच येतंय," ती म्हणाली.

मंगेश खिडकीशी बसून बाहेर बघत होता. डिचोली जवळ आली तशी रस्त्याकडेची झाडं खनिजाच्या धुळीने तांबडी दिसायला लागली. याला ती कसली दिसत असतील, असं प्रभावतीच्या मनात पहिल्यांदाच आलं. लहानपणी पिकलेले टोमॅटो आणायला पाठवलं की हा हिरवे घेऊन यायचा आणि तिच्या हातचा धपाटा खायचा. ती आठवण तिने तिथेच दाबून टाकली. तेवढ्यात तो मान न वळवता म्हणाला, "आजोबाक खंय हाडतंस ह्या वयात? ऱ्हावंदी, आये." ती त्याच्यावरही खेकसली.

दुसऱ्या दिवशी डिचोलीजवळच्या मुळगावच्या घरून निघून, म्हापशाला बस बदलून ती कोरगावात उतरली. थांब्याजवळच्या भिंतीवर मागच्या वर्षीच्या राजभाषेच्या आंदोलनातली मराठीची घोषणा अर्धी चुन्याखाली गेली होती. ही अक्षरं बाबलीनेच काढली होती. पोरं सांगायला आली तेव्हा त्याने एकच अट घातली होती, की रंग एकाच डब्यात आणि कालवून आणा, मला निवड नको. लोक म्हणाले होते, काय साधा माणूस.

चवथ तोंडावर आलेली. चित्रशाळेत फळ्यांवर गणपतींच्या रांगा लागलेल्या, काही नुसत्या मातीचे, काही पांढरे, काही रंगात आलेले. मधोमध पाटावर बाबली, उघड्या अंगाने, नाकावर चष्मा. समोर नारळाच्या करट्यांमधून कालवलेले रंग. आणि त्याच्या उजव्या हाताला प्रभावतीची वहिनी, भाग्यलक्ष्मी, कपाळाला आठ्या घालून.

वहिनीच्या आठ्यांना कारण होतं. बाबलीच्या चित्रशाळेची एक रीत होती: रंगाची करटी चिताऱ्याने स्वतः उचलायची नाही, ती घरच्या लेकीने किंवा सुनेने हातात द्यायची. लेकीच्या हातचा रंग गणपतीला लाभतो, असं सगळं गाव मानत असे. प्रभावतीने शाळेत जायच्या आधीपासून लग्नापर्यंत हे केलं, मग तिच्या आईने केलं, आई गेली तशी ही वहिनी सापडली. चुलीवर भात करपतोय आणि सासरे हाक मारतायत, "तांबडो दी." करटी नाकाखाली, पण हात म्हणून लावणार नाहीत. तुम्हीच सांगा काहीतरी, वन्सं, असं प्रभावतीला म्हणून ती उठली आणि आत गेलीच.

प्रभावती तिच्या जागेवर बसली. बाबलीने विचारलं, अवेळी कशी आलीस? सांगते, ती म्हणाली. तिला हे काम लहानपणी फार आवडायचं. सगळ्या भावंडांत बापाने आपल्यालाच जवळ बसवलं, याचा तिला मोठेपणीही अभिमान होता.

"तांबडो दी," बाबली म्हणाला. समोर गावातल्या दुकानदार बाबुरावाचा गणपती होता. शेल्याची एक कड झाली होती.

तिचा हात तांबड्या करटीकडे गेला आणि वर राहिला. नाकाखाली आहे, पण हात लावणार नाहीत. वहिनीचं ते करवादणं तिच्या कानात अजून होतं, आणि त्याच्यामागून डॉक्टरचं बोलणं आलं. तिला स्वतःचाच संताप आला. बापावर हा असला संशय घ्यायचा? पण घेतला नाही, तर इथून उठून त्याला डॉक्टरपुढे कशाच्या जोरावर न्यायचं? तिने तांबड्याच्या शेजारची हिरवी करटी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

बाबलीने कुंचला बुडवला. निथळवला. शेल्याकडे नेला. कुंचला मातीपासून बोटभर अंतरावर थांबला. बाबलीने करटीकडे बघितलं नाही. त्याने चष्म्यावरून तिच्या तोंडाकडे बघितलं.

"ह्यो न्हय, बाय. तांबडो दी."

"कसा कळला तुमकां?"

त्याने कुंचला पाण्यात धुतला. बराच वेळ धुतला.

"तुज्या तोंडार दिसता," तो म्हणाला. "माका करटीत कदीच काय दिसाक नाय. देणाराच्या तोंडार दिसता."

मग त्याने कामावरची नजर न काढता सांगितलं. लग्न झाल्यावर तिच्या आईला कळलं होतं, पहिल्याच चवथीला. रीत काढली ती आईनेच. लेकीच्या हातचा रंग लाभतो, असं तिनेच वाड्यावाड्यावर सांगितलं, आणि लोकांनी ते मानलं. डोळे मात्र तो आपले आपण आखायचा, काळ्या रेघेला कुणाचा हात लागत नाही. लोक गणपती न्यायचे ते त्या डोळ्यांसाठी.

"आनी माका कित्याक सांगूक नाय?"

"तुका सांगला आसता, तर तांय तुज्या तोंडार दिसला आसता. लोकांक."

मग तिने मंगेशचं सांगितलं. ठिपके, दिवे, डॉक्टर, शंभू, सगळं. आपण कशासाठी आलो होतो तेही. बाबली ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मंगेशाक खबर आसा."

"कसली खबर?"

"त्याची. आनी माजीय."

मंगेश लहान असताना चवथीला इथे आलेला. घरात कुणी नव्हतं. आजोबाने तांबडा मागितला, नातवाने दिला तो हिरवा, आणि दोघांनी मिळून मोठ्या हौसेने एक अख्खा शेला रंगवला. दोघांनाही छान दिसला. आजी आली आणि कपाळाला हात लावून बसली. त्या दिवशी बाबलीने नातवाला सांगितलं होतं, की हे आपल्या दोघांतलं आहे, आवशीला, प्रभावतीला, सांगू नको.

"ही परीक्षा देऊ नको, म्हटलंय मी तेका," तो म्हणाला. "तो म्हणाक लागलो, आवशीच्या मनात आसा, दितंय."

प्रभावतीला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. डॉक्टरचं बोलणं तिला पणजीत अर्धंमुर्धं कळलं होतं, ते आता पुरतं कळलं. बापाकडचं घेऊन तिने लेकाला दिलं, आणि वाटेत तिला स्वतःला पत्ता नव्हता. रक्तामांसाचं ठीक आहे, त्याला तोंड नसतं. या दोघांना होतं. एवढी वर्षं एक जण तिच्या हातून रंग घेणारा, दुसरा तिच्या हातचं जेवणारा, आणि दोघांच्या मधे ती, सगळ्यांना ठणकावून सांगत, की माझा बाप बाबली चितारी. उद्या मुळगावात शंभूपुढे उभं राहून, तुमचंच खरं, असं म्हणावं लागणार होतं. ते कशावरून कळलं, हे मात्र सांगता येणार नव्हतं.

"तांबडो दी," बाबली म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

"तुमीच घेवा."

हात तसाच राहिला. त्याचा तळवा रिकामा, बोटं रंगाने माखलेली. करट्या त्याच्यासमोर ओळीने होत्या. त्याने एकीलाही हात लावला नाही. प्रभावती बघत राहिली. बघू दे याला, तिच्या मनात आलं, अंधारात ठेवल्यावर कसं वाटतं ते एकदा कळू दे.

अंगणात छत्री मिटल्याचा आवाज झाला आणि बाबुराव आत आला, आपल्या गणपतीचं काम कुठवर आलं ते बघायला. माणूस बोलका. प्रभावतीला बघून त्याने घरच्यांची चौकशी केली, मंगेशची केली, सारंग झाला काय म्हणून विचारलं. मग त्याची नजर अर्ध्या शेल्याकडे गेली, आणि तिथून बाबलीच्या रिकाम्या हाताकडे.

"रंग कित्याक थांबलो?"

बाबलीने मान वर केली नाही. प्रभावतीने तांबडी करटी उचलली आणि त्याच्या तळव्यात ठेवली. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग कुंचला बुडवला आणि शेल्यावर टेकवला.

"लेकीच्या हातचो रंग," बाबुराव खूश होऊन म्हणाला. "माज्या गणपतीचा नशीब म्हणाचा. काय कामान आयलंस गो?"

"रंग देऊक," ती म्हणाली. "चवथीपर्यात आसंय."