खऱ्या नावानिशी

डॉ. शुभांगी मूळची उमरग्याची, अडत दुकानदाराची लेक. आता इंग्लंडातल्या विद्यापीठात शिकवते. तिथं रुजू झाली त्याच आठवड्यात एका गोऱ्या सहकाऱ्यानं तिला झाडणारी बाई समजून हातात कचऱ्याची पिशवी दिली होती. ते तिला जिव्हारी लागलं. कोण काळं, कोण लंगडं, कोण किती टक्के अपंग, ही माणसं मोजायची खोड गोऱ्या साहेबानं लावली आणि ती मोडलीच पाहिजे, हा तिच्या अभ्यासाचा विषय झाला. विषय खरा होता. पण बाईंना मोठं व्हायची घाई होती, आणि घाईला डोळे नसतात.

या अभ्यासासाठी ती शांताक्काकडे आली. उमरग्याजवळच्या खेड्यातली ही पन्नाशीची बाई लहानपणी पोलिओनं पायांनी अधू झालेली. शाळा पाहिलेली नाही. ब्लाऊज शिवून पोट भरायची आणि हातांत चपला घालून हातांवर चालायची. शुभांगीची लहानपणीची परकर-पोलकीही तिनंच शिवलेली.

विद्यापीठाचा नियम होता की माणसाचं नाव बदलून लिहायचं. शुभांगीला तो नियमही साहेबी वाटला. आपल्या माणसांना बिननावाचं का करायचं? तिनं नाव, गाव, फोटो, सगळं खरं छापलं आणि मराठी पेपरच्या पुरवणीतही लेख दिला. 'शांताक्का अपंग नाहीत. त्यांना गाडीची गरज नाही. त्यांचे तळहात मातीशी बोलतात.'

तळहातांचं म्हणाल तर ते सडले होते. दोन्हींना जखमा, जखमांत पू. हातांवर चालणं थांबवलं नाही तर सुईसुद्धा धरता येणार नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. म्हणून शांताक्कानं बॅटरीच्या तीनचाकीसाठी अर्ज केला होता. गावात एकच गाडी येणार होती आणि यादीत पहिलं नाव तिचं होतं. दुसरं गावातल्याच मल्लिनाथच्या भावाचं. मल्लिनाथ पक्का बिलंदर. त्यानं लेखाचं कात्रण तपासणी समितीपुढं ठेवलं. नाव तेच, गाव तेच, फोटोही तोच. शांताक्काचं नाव बाजूला पडलं.

आज दुपारी समिती शेवटचं ठरवायला चावडीवर बसली होती. शुभांगी सुट्टीला आल्याचं कळताच शांताक्कानं तिला निरोप धाडून घरी बोलावून घेतलं होतं.

"शुभे, तुझ्यावर राग न्हाय माझा. एक कागद तेवढा दे. शांताला चालता येत न्हाय, तिला गाडी पायजे. बस, एवढंच लिही. साहेब तुझं ऐकतील."

शुभांगीचं पुस्तक छापायला गेलं होतं, आणि ते उभं होतं नेमकं 'शांताक्का अपंग नाहीत' याच वाक्यावर. हा कागद उद्या कुणी तिकडं दाखवला तर?

"अक्का, उणं तुमच्यात नाही, रस्त्यात आहे. समाजात आहे."

"असंल बाई. पर समाज मला पाठुंगळी घेऊन बाजारात न्हेणार हाय का? लिही की."

शुभांगीला लाज वाटली. लाजेपेक्षा भीती मोठी होती. तिनं कागद घेतला आणि दीड पान भरून लिहिलं. माणसाला अपंग ठरवणाऱ्या मोजमापालाच आपला विरोध आहे, इथून सुरुवात. पुढं इतिहास, सत्ता, स्वाभिमान. चालता येत नाही, हे कुठंच नव्हतं. खाली झोकदार सही.

"लई लिवलंस गं." शांताक्कानं कागदावरून बोट फिरवलं. "चालता येत न्हाय, हे हाय न्हवं ह्यात?"

"हो अक्का."

"आन् गाडी पायजे, ते?"

"तेही आहे."

शांताक्कानं कागद कपाळाला लावला. "तुझं कल्याण हुईल बघ पोरी. गाडी आली की पयलं तुझ्या आईकडं येते, मापं घ्यायला. चल की संगं चावडीवर."

"मला हैदराबादला निघायचंय, अक्का. विमान आहे."

हे मात्र खरं होतं. शांताक्कानं फडक्यानं गुंडाळलेले तळहात चपलांत घातले. हात दोन्ही चालायला लागणार, म्हणून कागदाची घडी तिनं दातांत धरली आणि उंबरा उतरली. चावडी समोरच, शंभरेक पावलांवर. साहेब कागद मोठ्यानं वाचणार, मल्लिनाथ हसणार, हे शुभांगीला दिसत होतं. शांताक्का मध्येच थांबली, दम खाल्ला, मागं वळून तिच्याकडं बघत मान हलवली आणि पुन्हा निघाली. हाक मारायला अजून वेळ होता. शुभांगी दारात उभ्या असलेल्या गाडीत बसली आणि तिनं काच वर केली.