काचेआड राहिलेले बाल्साचे विमान

मित्रांनो, मी एक जुने विमान आहे. मला इंजिन नाही, चाके नाहीत. दोन हात लांब पंख आहेत आणि अंग बाल्साच्या लाकडाचे आहे.

बाल्साची झाडे दूर दक्षिण अमेरिकेत झपाट्याने वाढतात. जिवंतपणी ती पाण्याने जड असतात. कापून भट्टीत वाळवली की पाणी उडून जाते आणि लाकडाच्या बारीक पोकळ्यांत हवा राहते. म्हणून आम्ही पाण्यावर तरंगतो. पवनचक्कीच्या प्रचंड पात्यांच्या पोटातही आमचेच लाकूड असते.

जिंतूरजवळच्या एका शाळेत राजेश्री मॅडमनी माझ्या पातळ फळ्या मागवल्या. आठवीतल्या सुकेशनीने त्या साध्या ब्लेडने कापल्या आणि जोडून मला घडवले. "मॅडम, लय हलकं हाय हो हे! हातात काही हायच न्हाई असं वाटायलंय," ती म्हणाली. मैदानावर तिने मला सोडले, तेव्हा मी कडुलिंबावरून पार गेलो. परभणीच्या विज्ञान प्रदर्शनात मला पहिले बक्षीस मिळाले.

आणि तिथेच माझे उडणे संपले.

मुख्याध्यापक बन्सीधर सरांनी मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. पाहुणे येत, वाहवा करत, निघून जात. बाहेर वारा सुटला की मुलांचे केस उडताना दिसत. माझ्यापर्यंत झुळूकही येत नसे. हवेनेच भरलेले माझे अंग हवेलाच पारखे झाले होते.

दहावीच्या शेवटच्या दिवशी सुकेशनी आली.

"सर, एकदा उडवू द्या की."

"आन् मोडलं तर?"

"मोडलं तर मी जोडते, सर."

"नको गं. शाळेची शान हाय ती."

काचेवर तिच्या बोटांचे ठसे तेवढे राहिले.

पुढच्या वर्षी कपाटामागच्या भिंतीला ओल आली. माझा डावा पंख हळूहळू वाकत गेला. मी ओरडू शकत नव्हतो. सरांच्या ते लक्षात आले तेव्हा पंखाचा पार पिळा झाला होता. त्यांनी सुकेशनीला फोन केला. परभणीच्या कॉलेजातून ती एसटीने आली.

"माझ्याच हातानं वाया गेलं की गं हे," सर खाली मान घालून म्हणाले.

"वाया न्हाई गेलं, सर. बाल्सा हाय."

तिने पंखावर ओले फडके फिरवले आणि तो सपाट फळीवर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवला. दोन दिवसांनी ती परत आली, तेव्हा पंख सरळ झाला होता. तिने मला सरांच्याच हातात दिले.

"तुमी सोडा."

सरांनी मला डोक्यावर उंच धरले. आणि सोडून दिले. तापलेल्या मैदानावरची ऊब पोटाखाली आली आणि मी वर, आणखी वर गेलो. मग कुंपणापलीकडे सोयाबीनच्या शेतात नाकावर आपटलो.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण ती ज्यासाठी जन्मली, ते काम तिच्याकडून काढून घेऊ नका.

सर धापा टाकत पोहोचले. माझे मोडलेले नाक त्यांनी तळहातावर घेतले आणि मागे वळून हाक मारली, "सुकेशनी, फेविकॉल आण गं! आन् शाळेतल्या पोरींनाबी बोलव, कसं जोडायचं ते बघू दे त्यांना."