हसिनाच्या पुस्तकांत बोकड नाही

माझ्या नातीचा, लायबाचा, निकाह २०२३ सालच्या फेब्रुवारीत झाला. मांडव काढून दोन महिनेही झाले नसतील, तोच अतुल नावाचा एक माणूस पुण्याहून टाकव्यात आमच्या दारात आला. माझी धाकटी बहीण हसिना मुलांसाठी प्राण्यांच्या गोष्टी लिहायची. तिची बावीस पुस्तकं निघाली होती. लोणावळ्यात तिचा सत्कार ठरला होता आणि त्या दिवशी वाटायला तिच्या आयुष्यावर एक पुस्तिका काढायची होती. तिचं लहानपण, घर, आईबाप, सगळं त्यात घ्यायचं आहे, असं अतुल म्हणाला.

मी त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि त्याच्या पिशवीकडं बघत राहिलो.

त्याला कारण होतं. आम्ही मुलाणी. गावच्या जत्रेचा बोकड असो की कुणाच्या नवसाचा, मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय टाकव्यात चूल पेटत नव्हती. देव हिंदूंचा आणि सुरी आमची, हे आज्यापणज्यापासून चालत आलेलं. अब्बांनी ते काम चाळीस वर्षं केलं, त्यांच्यामागं मी तीस वर्षं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. पण दिवस बदलले. जवळच्या एका गावात असाच कुणी पाहुणा म्हणून आला, मोबाईलमध्ये बोकड कापतानाचं शूटिंग करून गेला, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या मुलाण्याच्या दारात दहा-बारा मोटारसायकली उभ्या राहिल्या. तेव्हापासून अनोळखी माणूस घराकडं जरा जास्त वेळ बघत राहिला की मी त्याच्या हातांकडं बघतो.

अतुलनं मोबाईल काढून चटईवर ठेवला. बोलणं त्यात साठतं म्हणाला. मग उठून अंगणाचा फोटो काढला, मागच्या भिंतीचाही काढला. त्या भिंतीत त्याला काय दिसलं, ते मला कळेना.

दुसरा संशय घरातलाच होता, खुद्द हसिनाचा. मी शाळेत गेलो नाही. लायबा तिसरीत असताना तिच्या पाटीवर मी अक्षरं शिकलो, तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो. पहिलं सबंध पुस्तक वाचलं ते हसिनाचं, मुंगसाचं. त्याला अकरा दिवस लागले. मग एकेक करून सगळी वाचली. गाय होती, रेडा होता, वानर, टिटवी, भातखाचरातला खेकडासुद्धा होता. शेळी नव्हती. बोकड नव्हता. पुस्तकाच्या मागं लिहिलेलं असायचं, हसिना टाकवेकर, मावळातल्या एका खेड्यात जन्म, लोणावळ्यात शिक्षिका. मुलाणी हे नाव कुठंच नाही. अब्बांचं नाव नाही, त्यांचं काम नाही. मी समजायचं ते समजलो. बहिणीला बापाच्या सुरीची लाज वाटते. विचारलं मात्र कधी नाही. ईदला यायची, पोटभर जेवायची, हसत जायची. तिला काय विचारणार?

अतुलनं पहिलाच प्रश्न तो केला.

"चाचा, तुमचे वडील काय करायचे?"

मी विचार केला. हा माणूस तसल्यांपैकी असेल, तर खरं सांगून मोटारसायकली दारात येतील. आणि सरळ असेल तर खरं छापेल, मग पुस्तकं घेणाऱ्या पोरांचे आईबाप म्हणतील, मुलाण्याची पोर आमच्या लेकरांना प्राण्यांची माया शिकवते काय! हसिनानं चाळीस वर्षं झाकलं ते माझ्या तोंडून उघडं पडेल.

"शेती," मी म्हणालो.

कसली, म्हणाला. भाताची, म्हणालो, हितं दुसरं काय पिकतं? चौदा गुंठे होते आमचे, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं.

त्यानं लिहून घेतलं. मग म्हणाला, "हसिनाताई अगदी पहिल्यांदा गोष्टी कुणाला सांगायच्या? त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ते भाईलाच विचारा."

इथं माझा संशय पक्का झाला. तिनं सांगितलं नाही, ते हा माझ्याकडून काढून घेतोय.

उत्तर मला माहीत होतं. एका बोकडाचं काम दुसऱ्याला दिसू द्यायचं नाही, ही मुलाण्याची रीत. सुरीही दाखवायची नाही, आधी पाणी पाजायचं. अब्बा ह्या बाबतीत फार कडक. जत्रेच्या दिवशी सहा-सात बोकड मागच्या भिंतीआड बांधलेले असत. रक्ताचा वास आला की ती जनावरं बिथरत, दावं ओढत. म्हणून अब्बांनी सात वर्षांच्या हसिनाला तिथं बसवलं. उंबराचा पाला पुढं टाकायचा आणि बोलत राहायचं. ती गोष्टी सांगायची. मी दावं सोडायला गेलो की म्हणायची, "भाई, थांब. ह्याची गोष्ट अजून संपली न्हाई." मी परत जाऊन अब्बांना सांगायचो. अब्बा सुरी पाठीमागं धरून उभे राहायचे. तिकडं आधण उकळत असायचं, लोक कुरकुरायचे, पण गोष्ट संपेपर्यंत अब्बा हलायचे नाहीत.

मी अतुलला म्हणालो, "मला सांगायची. थोरला भाऊ ना मी."

त्याला गावातही कुणाशी बोलायचं होतं. मी त्याला एकटा सोडला नाही, बरोबरच गेलो. पारावर माझा जुना जोडीदार अंबाजी बसला होता. अतुलनं तोंड उघडायच्या आत मी अंबाजीला म्हणालो, अब्बा शेती करत व्हते ते ह्यांना सांगितलंय मी.

अंबाजीनं माझ्याकडं बघितलं, मग अतुलकडं.

"व्हय व्हय," तो म्हणाला. "लय मोठा शेतकरी. त्याच्या एका वाफ्यावर सगळा गाव जेवायचा."

अतुलनं तेही लिहून घेतलं. तो गेल्यावर अंबाजी म्हणाला, "चाँद्या, माझ्या लग्नातलं मटन काय भाताच्या लोंबीला लागलं व्हतं व्हय रं?"

मी हसलो नाही.

सत्कार नोव्हेंबरात झाला. हसिनाची तब्येत तोवर खालावली होती, मूत्रपिंडाचा आजार होता. तिला खुर्चीसकट व्यासपीठावर चढवलं. मी तिसऱ्या रांगेत बसून पुस्तिकेवर बोट फिरवत वाचलं. वडील भातशेती करत. त्यांच्या वाफ्यावर सारा गाव जेवत असे. लहानगी हसिना थोरल्या भावाला गोष्टी सांगे. वाचून मला हलकं वाटलं. बहिणीची अब्रू राहिली.

संध्याकाळी लोणावळ्यातच तुंगार्लीला तिच्या घरी गेलो. तिनं पुस्तिका मांडीवर धरली होती.

"भाई, त्यानं चुकीचं लिहिलं, की तू तसं सांगितलंस?"

"मीच सांगितलं."

"का?"

"तुझ्यासाठी. तू झाकत व्हतीस ना."

"मी कुठं झाकलं?"

मी सगळं बोलून टाकलं. नाव बदललंस, बापाचं काम लिहिलं नाहीस, बावीस पुस्तकांत एक बोकड नाही. लाज वाटली नसती तर एखादा आलाच असता.

ती म्हणाली, "मी इथं, तळ्याकाठी राहते. सुरी तुझ्या हातात होती आणि घर तुझं त्या गावात. मी लिहिलं असतं तर माणसं तुझ्या दारात आली असती, माझ्या नाही. म्हणून अतुलला म्हटलं, भाई सांगेल तेवढंच छापा. मला वाटलं, तू सांगशील."

मी तिच्या मांडीवरची पुस्तिका घेतली आणि ते पान काढलं.

"गोष्टी पहिल्यांदा कुणी ऐकल्या ते कुठंच आलं नाही, भाई," ती म्हणाली. "मी असेपर्यंत ते छापून आलेलं मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी लायबानं अतुलला फोन लावून दिला. तो रागावला नाही. दुसरी आवृत्ती निघते आहे, तुमच्याच हातानं लिहून द्या, जसं असेल तसं छापतो, म्हणाला. मी हो म्हणालो. पण फोन ठेवला आणि पुन्हा तेच मनात आलं. आपल्या हातानं, आपल्या नावानं लिहून द्यायचं, आणि हा माणूस आपल्याला किती माहीत आहे? ह्याला माझ्या हातचा कागदच कशाला हवा?

मी लायबाच्या नवऱ्याला, जुनेदला, पुण्याला पाठवलं. अतुलचं घर बघ, शेजारी कोण आहेत, कुणाकुणात ऊठबस आहे ते बघ. जुनेदला कामातून सवड मिळायला पंधरा दिवस गेले. परत आल्यावर तो म्हणाला, "दोन खोल्या आहेत, आबा. भिंतभर लहान मुलांची पुस्तकं. मला चहा दिला. पाळत ठेवायला आलो हे त्यांच्या लक्षात आलं असावं, पण काही म्हणाले नाहीत."

तरी मी आणखी एक आठवडा थांबलो. दरम्यान हसिनाला एकदा भेटून आलो. तिनं विचारलं, दिलंस का? लिहितोय, म्हणालो. तेव्हा एक ओळही लिहिलेली नव्हती.

डिसेंबर संपत आला तेव्हा लिहायला बसलो. माझं अक्षर मोठं, जोडाक्षराला मी अडतो. भिंतीआडचे बोकड, उंबराचा पाला, पाठीमागं सुरी धरून उभे असलेले अब्बा, सगळं लिहिलं. खाली नाव लिहिलं, चाँदभाई मुलाणी. तीन पानं झाली. त्यांना बारा दिवस लागले. ८ जानेवारीला संध्याकाळी शेवटची ओळ झाली. अतुलला द्यायच्या आधी हसिनाला वाचून दाखवायची म्हणून सकाळी कान्हे स्टेशनवर जाऊन लोणावळ्याची गाडी धरली. मी पोचलो तेव्हा तिच्या दारात चपला होत्या.

माझी बहीण हसिना मंगळवारी, ९ जानेवारी २०२४ रोजी, सकाळी सात वाजता तुंगार्लीच्या घरी वारली. ती अडुसष्ट वर्षांची होती.