सरांचं टेकाड

सरांचं टेकाड अख्ख्या प्रयोगशाळेला पाठ होतं. हवा पार उपसून काढलेल्या पोलादी डब्यात फुलरीनचा, म्हणजे चेंडूसारख्या गोल कार्बन रेणूंचा, पातळ थर चढवायचा, त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा आणि परतणारे इलेक्ट्रॉन किती ऊर्जा गमावून आले ते मोजायचं. त्यावरून थराच्या आत काय खळबळ माजते ते कळतं. आलेखात ठरलेली शिखरं येतात, आणि त्यांच्या पायथ्याशी एक बारकं टेकाड. ते सरांनी तरुणपणी शोधलं, त्यावर प्राध्यापक झाले आणि आता त्यावरच निवृत्त व्हायला निघाले होते.

त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनीच्या आलेखात मात्र टेकाड काही येईना. टेकाड नाही तर प्रबंधावर सही नाही, हे सरांनी गोड शब्दांत सांगून ठेवलेलं. आई फोनवर रोज विचारायची, "झाली का गं सही?" ही "होईल" म्हणायची आणि मग उगाच आईवरच चिडायची.

"तुला घाई फार," सर म्हणायचे. "यंत्राची आधी मनधरणी करावी लागते."

मनधरणी म्हणजे झोत थरावर एकाच जागी सोडून, बटणं केसभर इकडे, केसभर तिकडे करत दुपार घालवायची आणि मग मोजायला बसायचं. लोक सरांच्या चिकाटीचे गोडवे गात. ही मेली उतावळी. झोत आधी दुसरीकडेच नीट लावून घ्यायची, थरावर आणला की भराभर मोजून मोकळी.

शेवटी सर म्हणाले, "ऊठ, मीच दाखवतो." दुपारभर मनधरणी झाली आणि टेकाड आलं. सर खुशीत तिच्याकडे वळले.

तिने बटणांकडे हात नेला. "सर, झोत जरा सरकवू? थर तोच, जागा तेवढी नवी."

"सरकव की."

तिने लगेच मोजलं. शिखरं जागच्या जागी, पायथा सपाट. सरांनी झोत जुन्या जागी आणायला लावला, तर टेकाड होतंच, उलट थोडं फुगलेलं.

"झोत एका जागी फार वेळ राहिला की रेणू एकमेकांना चिकटतात," ती खाली मान घालून म्हणाली. "हे थरात नव्हतंच, सर. आपण करतो ते."

सर चष्मा पुसत राहिले. तिला त्यांची इतकी कीव आली, की सही गेली खड्ड्यात असं वाटलं.

मग सरांनी तिच्या प्रबंधाचा मसुदा ओढला, शीर्षक खोडून 'इलेक्ट्रॉन झोतामुळे होणारी थराची नासाडी' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"पहिल्याच वाक्यात लिही," ते म्हणाले, "ही नासाडी सर्वप्रथम मी पाहिली. साल घाल."

तिने मान वर केली. सर थट्टा करत नव्हते. तिने वाक्य लिहिलं, खोडायचं म्हणून पुन्हा पुन्हा वाचलं, पण त्यात खोटं काही सापडेना.