दाढेसाठी राखून ठेवलेली मतं

घरात नणंदबाईंपुढे कुणाला तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पुस्तकांवरची आपली सगळी मतं नणंदेच्या किडक्या दाढेसाठी राखून ठेवली होती. नणंदबाई दवाखान्यातल्या खुर्चीत आडव्या झाल्या, तोंडात कापसाचे बोळे गेले आणि डॉक्टरीणबाई सुटल्या.

"वन्सं, त्या ड्रॅगनच्या कादंबरीत सुरुवातीलाच पाच पानं नुसते नकाशे, तरी नायक मेला रस्ता चुकतोच! दुसरीत जुनी पुराणकथा नव्याने सांगितलीय म्हणे. राक्षसीण अगदी गरीब गाय! मग एवढं युद्ध झालं कुणाशी? झोपेवरचं माहितीचं पुस्तक मात्र गुणकारी हं, दुसऱ्याच पानावर माझा डोळा लागला. रहस्यकथा तेवढी झकास. अर्धी झालीय, आज घरी जाऊन संपवणार. खुनी तो माळीच, पैज लावते!"

नणंदबाईंनी "अं, अं" करत हात हलवला. डॉक्टरीणबाईंनी तो अलगद खाली ठेवला आणि दाढ कोरून संपवली.

"हं, भरा चूळ. मग दाढेत सिमेंट भरते."

नणंदबाईंनी चूळ भरली, सावकाश ओठ पुसले.

"माळी कसला, वहिनी? डॉक्टरनेच मारलंय. तुमच्याआधी मीच वाचलं ते पुस्तक."

आणि त्यांनी आपणहून पुन्हा आ केला.