घरच्यांना विचारून सांगा

शिदूचा जबडा अडकला तो भाकरीच्या पहिल्याच घासाला. उजव्या कानापुढं कट् वाजलं आणि तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. मळवलीच्या एका बंगल्यावर अकरा वर्षं राखणीला असलेला हा गडी. साप पकडेल, पाण्याची मोटार खोलेल, पण स्वतःचं दुखणं सांगायचं तर तोंडाला कुलूप! पंधरा दिवस भाकरी दुधात कुस्करून गिळली. शेवटी तळेगावच्या डॉक्टरांनी त्याला सोमाटण्याला एमआरआयसाठी धाडलं.

"काका, कमरेच्या चाव्या काढा," तिथलं मशीन चालवणारी सारिका म्हणाली. "लोखंड आत चालत नाही, मशीन ओढून घेतं."

शिदूनं जुडगा काढून दिला खरा, पण जीव त्याच्यातच. त्याची बायको हिरी तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा सरणापाशीसुद्धा जुडगा कमरेलाच होता. पोरबाळ नव्हतंच.

डोकं नळकांड्यात गेलं. खटखटाट असा, की पत्र्यावर कुणी हातोडा घालतंय. मधूनच सारिकाचा आवाज यायचा, "तोंड मिटून ठेवा." मग दातांत एक ठोकळा धरायला लावला. "आता उघडंच ठेवा, हलू नका. छान, काका!" आता छान म्हणण्याजोगं काय केलं होतं त्यानं? पडून होता नुसता. पण काचेपलीकडं कुणीतरी आपल्याकडं बघतंय, एवढ्यानंच गडी सुखावला. हे लवकर संपू नये असं वाटलं त्याला.

बाहेर आल्यावर सारिका म्हणाली, "सांध्यात गादीसारखी चकती असते. तुमची पुढं सरकलीय. तोंड उघडलं तरी जागेवर येत नाही. डॉक्टरांनी एक विचारलंय, झोपेत दात खाता का?"

"झोपेतलं मला कसं कळणार, बाई?"

"मग घरच्यांना विचारून सांगा. खात असाल तर झोपताना दातांवर बसवायची पट्टी देतील. उद्या फोन करा."

घरच्यांना! हिरी असती तर विचारावंही लागलं नसतं. कोपरानं ढोसून म्हणायची, "आवो, दात खाऊ नका. गिरणी चालल्यागत आवाज येतुया."

पण शिदू काही अगदीच एकटा नव्हता. निदान त्याला तसं वाटत होतं. पडवीत कॅमेरा होता. तो बसवला तेव्हा मालक, प्रदीपशेठ, म्हणाले होते, "शिदू, मी मुंबईत बसून सगळं बघतो आणि ऐकतोही." हिरी गेल्यापासून शिदूचं अंथरूण त्या कॅमेऱ्याखालीच. रोज दिवेलागणीला त्याच्या तांबड्या दिव्यापुढं उभा राहून तो सांगायचा, "टाकी भरली, शेठ. आंब्याला मोहोर आलाय. आज सण हुता, पर एकट्यासाटी कुटं पुरण घालायचं?" उत्तर यायचं नाही. मोठी माणसं, कामात असतील!

त्यानं शेठना फोन लावला. "शेठ, कॅमेऱ्यात बघून सांगा की, मी झोपंत दात खातो का?"

शेठ हसले. "अरे, तो कॅमेरा दोन वर्षं बंद आहे! नुसता दिवा लागतो, चोरांनी घाबरावं म्हणून. तुला सांगायचं राहूनच गेलं बघ." आणि फोन ठेवला.

शिदू पायरीवर बसला. दोन वर्षं! आधी स्वतःचीच लाज वाटली, मग शेठचा राग आला. राग ओसरल्यावर जे उरलं ते सोसवेना. म्हातारपणी आईबाप मेल्यासारखं पोरकं वाटलं त्याला. त्या दिवशी टाकी भरल्याचं त्यानं कुणाला सांगितलं नाही.

सकाळी त्यानं सारिकाला फोन केला.

"विचारलंत का घरी?"

"व्हय," शिदू म्हणाला. "खाता, म्हणली. गिरणी चालल्यागत आवाज येतुया, म्हणली."

"बरं आहे, काका. लक्ष देणारं माणूस आहे घरात. पट्टी रोज लावता का, ते बघायला त्यांनाच सांगा."

"सांगतो की."

फोन ठेवल्यावर त्यानं अंथरूण कॅमेऱ्याखालून काढलं आणि आत खोलीत, हिरी झोपायची त्या जागेशेजारी नेऊन टाकलं.