तीन कॉलमचं एक नाव

साईराज आमच्या निपाणीचाच, पण बेंगळुरात चार वर्सं काढून आला आणि त्याला वाटायला लागलं, सगळी अक्कल हायवेनं त्याच्याबरोबरच आली. विडी वळणाऱ्या बायकांच्या आमच्या सोसायटीनं त्याला कॉम्प्युटरच्या कामाला घेतलं. मी पारमिता, तिथलीच ऑपरेटर. घराच्या प्लॉटांची सोडत होती. बायकांची माहिती तीन कॉलमात होती: नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. तिन्ही जोडून एक कॉलम करायचा आणि त्यातनं चिठ्ठ्या छापायच्या. एवढंच काम.

ह्या शहाण्यानं कोडची एक ओळ लिहिली आणि कॉलर ताठ केली. पण तिन्हीतला एक जरी कप्पा रिकामा असला, तर त्या ओळीनं अख्खं नावच रिकामं व्हायचं. अशी रिकामी नावं त्यानं कचरा म्हणून पुसून टाकली.

आता आमच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत न्हाईत, नवरा मेला तरी न्हाय. माहिती घ्यायला आलेल्यांनी विचारलं, की बायकांनी पदर तोंडाला लावला आणि माहिती घेणाऱ्यांनी कप्पा मोकळा सोडला. म्हणजे जन्मभर विड्या वळलेल्या म्हाताऱ्याच तेवढ्या सोडतीतनं उडाल्या. सोडतीच्या दिवशी सकाळी मी साईराजला हे दाखवलं. मोकळा कप्पा सोडून बाकीचं जोड, एका ओळीची दुरुस्ती हाय, म्हटलं. तर म्हणतो, माझ्या कोडमध्ये चूक न्हाय, तुमचा डेटाच घाण आहे. बायकांना बोलवून नावं भरून घेऊ. शाबास रं वाघा.

भरल्या हॉलमध्ये रांग लागली. पहिली तानीबाई ढाले. तिचा सगळा जन्म भाड्याच्या खोलीत गेला. आज चिठ्ठी पडली न्हाय तर प्लॉट गेलाच. साईराजनं मयत नवऱ्याचं नाव विचारलं. शेजारीण सांगायला लागली, तर हा म्हणतो, ज्याचं त्यानंच सांगायचं. मला लई किळस आली त्याची.

तानीबाईनं डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा ते नाव घेतलं, ओठातल्या ओठात.

साईराजनं मानसुद्धा वर केली न्हाय. "मोठ्यानं सांगा मावशी. ऐकू आलं न्हाय."

माझं टाळकं सटकलं. "ऊठ," मी म्हटलं. "ऊठ त्या खुर्चीवरनं."

तो उठला. मी ओळ बदलली, सगळ्या म्हाताऱ्या यादीत परत आल्या. तवर तानीबाई भिंतीकडं तोंड करून रडत होती.